दोन किल्ल्यांची तिजोरी

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता आत्यानं नमुनाघरातल्या खुर्च्या तिसऱ्यांदा हलवल्या. दादाची खुर्ची तिजोरीच्या डाव्या अंगाला, बाळची उजव्या अंगाला, आणि मधे एवढं अंतर की दोघांनी हात लांब केले तरी एकमेकांचे गळे सापडू नयेत.

बाळ हे त्याचं घरातलं नाव. वय वर्षं पासष्ट, डोक्यावर चकचकीत टक्कल, समुद्रापलीकडच्या देशात स्वतःचं ऑफिस आणि स्वतःचा रक्तदाब. पण दादा आणि आत्या हयात होते तोवर तो बाळच राहणार होता. दादा थोरला, बहात्तरचा. आत्या मधली, एकोणसत्तरची. दादा तिला खिट्टी म्हणायचा, बाळ ताई म्हणायचा, आणि बाकीचं घर, कारखाना आणि कोपऱ्यावरचा औषधवालासुद्धा तिला आत्याच म्हणायचा.

"आत्या, बस ना आता. लग्न आहे का कोणाचं?" बाळची लेक म्हणाली. ती वकील होती, बापाचीच वकील, आणि बापाबरोबरच परवा विमानानं आली होती.

"लग्न परवडलं," आत्या म्हणाली. "लग्नात निदान रुसणाऱ्याला कशानं रुसलोय ते माहीत असतं."

हे मात्र खरं होतं. तिघांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, काढलेला कुलुपांचा कारखाना इकडे आणि विक्रीची कंपनी तिकडे, अशी पन्नास वर्षं बरी चालली होती. गेल्या हिवाळ्यात दोन्हीकडून पाणी शिरलं आणि कंपनी बुडाली. बुडाली ते बुडाली, पण दोघा भावांनी दिवाळखोरीचा अर्जसुद्धा एका ठिकाणी केला नाही. दादानं इकडच्या कोर्टात टाकला, बाळनं तिकडच्या. तोही एकाच दिवशी. दोन देशांची घड्याळं वेगळी, त्यामुळे पहिला कोण या एका प्रश्नावर वकिलांनी दोन महिने काढले. मग दादानं इकडच्या कोर्टाकडून मनाई हुकूम आणला की बाळनं तिकडे दावा चालवू नये. आठवड्याच्या आत बाळनं तिकडून हुकूम आणला की दादानं इकडे चालवू नये. नमुन्यांची तिजोरी उघडायलाही दोन्ही हुकमांत मनाई. दोन्ही हुकमांत एकच वाक्य होतं: समोरच्या देशाचा हुकूम उठला की हा हुकूम आपोआप उठेल. झालं! दोन माणसं एकाच दारात उभी, "आधी तुम्ही" म्हणत, आणि मागे सगळी वरात खोळंबलेली.

वरात म्हणजे एकेचाळीस कामगार. त्यांनी एकत्र येऊन कारखाना विकत घेण्याची बोली लावली होती. बँकेनं त्यांना आज दुपारी बारापर्यंत वेळ दिला होता. बाराच्या आत दोन्ही कोर्टांनी हुकूम उठवून विक्रीला होकार दिला तर कारखाना त्यांचा. नाही दिला तर सोमवारी भंगारवाला ट्रक घेऊन येणार होता. परवा येऊन तो यंत्रं टिचकी मारून बघून गेला होता. आत्याच्या कामाच्या टेबलावरही त्यानं टिचकी मारली होती, आणि आत्यानं त्याला चहा दिला नव्हता. आत्याला ओळखणाऱ्यांना कळेल, हे केवढं झालं.

एकोणीस वर्षांची असल्यापासून आत्या त्या टेबलावर कुलुपांचे नमुने करत आली होती. चारशे बारा नमुने. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. सोमवारी काय होणार या विचारानं तिला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पावणेदहाला दादा आला. मागोमाग वहिनी, आणि त्यांचा जावई. जावईही वकील, दादाचा वकील. हा आपला सगळ्यात धूर्त डाव आहे असं दादाला वाटे. जावयाला फी विचारता येत नाही ही अडचण त्याला नंतर कळली, आणि जावयावर ओरडता येत नाही ही त्याहून नंतर.

दादा आपल्या खुर्चीत बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "त्याला सांगा, पंखा बंद कर. मला वारा बाधतो."

बाळ समोरच होता. त्यानं भिंतीकडे बघत उत्तर दिलं, "ताई, त्यांना सांग, मला उकडतंय."

"वन्सं, पंखा दोनवर करू का?" वहिनी म्हणाल्या, आणि उठून केलासुद्धा.

गेले पाच महिने हे असं चाललं होतं. त्याला कारण होतं आणि ते कायदेशीर होतं, निदान दोघांच्या मते. हुकमात लिहिलं होतं की समोरच्या पक्षाविरुद्ध "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे" कोणतीही कार्यवाही करू नये. दादानं ते वाचलं आणि जाहीर केलं की आता बाळशी बोलणं म्हणजे कोर्टाचा अवमान. तिकडे बाळनंही आपला हुकूम वाचून तंतोतंत तेच जाहीर केलं. सगळ्या जन्मात दोघांचं एवढं एकमत कशावर झालं नव्हतं. जावई आणि लेक, दोघांनाही ठाऊक होतं की हुकमात असलं काही नाही. पण वाढदिवसाला, आजारपणाला, सणसमारंभाला होणारी भांडणं या निमित्तानं टळत होती. त्यामुळे दोघेही मूग गिळून गप्प होते.

वहिनी मात्र हुकमातून वाट काढण्यात वकिलांच्याही वरचढ निघाल्या. बाळ हॉटेलात उतरला होता. भावाचं घर दहा मिनिटांवर असताना! वहिनींनी दोन दिवस त्याला डबा पाठवला, पण जावयाच्या हातून. दादानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या हुकमात डबा आहे का कुठे? दाखवा." दादानं खरोखरच चष्मा लावून हुकूम काढला होता.

फोरमन दारात उभा राहिला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "आत्या, पोरं अंगणात थांबलीत. काम बंद केलंय. काय सांगू?"

"सांग, चहा प्या," आत्या म्हणाली. "आणि तू आत ये. तुझीच बोली आहे, तू काय बाहेर उभा?"

दहा वाजता भिंतीवरचे दोन पडदे उजळले.

डावीकडे इकडचे न्यायमूर्ती. पांढऱ्या मिशा, मागे पुस्तकांचं कपाट, टेबलावर पेन्सिलींना केलेलं टोक इतकं बारीक की बघणाऱ्याच्या डोळ्यांत जावं. उजवीकडे तिकडच्या न्यायमूर्ती. तिकडे जेमतेम उजाडलं होतं. बाईंनी गळ्याला मफलर गुंडाळला होता आणि दोन्ही हातांत कप धरला होता.

लेकीनं लॅपटॉप पुढे ओढला. मनात ती एकच हिशेब करत होती: बोलायचं कमी, उभं राहायचं पटकन, आणि बापाला मधे तोंड घालू द्यायचं नाही. शेजारी जावई बसला होता. समोरासमोरचे पक्ष, पण एकच चार्जर असल्यामुळे शेजारी. त्यानं हळूच विचारलं, "तुमचे तयार आहेत?"

"माझे तयार आहेत, तुमचे आधी मागे घेत असतील तर," लेक कुजबुजली. "तुमचे?"

"अगदी तेच."

तेवढ्यात इकडच्या न्यायमूर्तींनी घसा साफ केला. "सुरुवात करण्याआधी मी तिकडच्या माननीय न्यायालयाबद्दल नितांत आदर व्यक्त करतो. न्यायालयीन सौजन्याचं तत्त्व आम्ही शिरोधार्य मानतो. त्यामुळे त्यांनी आधी निर्णय द्यावा, आम्ही त्याचा मान राखू."

तिकडच्या बाईंनी कप खाली ठेवला. "मी अत्यंत आभारी आहे. पण मालमत्ता आपल्या देशात आहे. आपल्याआधी बोलणं हे माझ्याकडून आगाऊपणाचं होईल. आपण आधी."

"आपण फार विनयशील आहात."

"ते आपल्याकडूनच शिकावं."

आत्या जावयाच्या कानाशी वाकली. "जावईबापू, हे काय चाललंय?"

"सौजन्य," जावई म्हणाला. "एका देशाच्या कोर्टानं दुसऱ्या देशाच्या कोर्टाचा मान राखायचा. त्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही."

"मान राखायचा म्हणजे करायचं काय?"

"थांबायचं."

"दोघांनी?"

"हो."

"मग पुढे कोण जाणार?"

जावयानं चष्मा पुसला. "हा कायद्यातला खुला प्रश्न आहे, आत्या."

"खुला कुठला, चांगला कुलूपबंद आहे," आत्या म्हणाली, जरा मोठ्यानंच. इकडच्या न्यायमूर्तींची मिशी हलली.

अकरा वाजेपर्यंत आदर व्यक्त करून झाला. बारा कागद वाचून झाले. फोरमन दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा थोडा आणखी उतरत होता. शेवटी तिकडच्या बाई म्हणाल्या, "मला एक अडचण दिसते. बोलीमध्ये मूळ नमुन्यांचा संच धरलेला आहे. तो दोन्ही न्यायालयांसमोर तपासल्याशिवाय आपल्यापैकी कोणीच होकार देऊ शकणार नाही. तो कुठे आहे?"

खोलीतल्या सगळ्यांनी तिजोरीकडे पाहिलं.

दादानं लगेच मान फिरवली. तिजोरीचं नाव काढलं की तो नेहमीच फिरवायचा. आबांनी ती तिजोरी त्याच्या आणि बाळच्या नावानं करवली होती. दारावर दोन किल्ल्यांची तोंडं, एका माणसाचे हात पुरणार नाहीत इतकी एकमेकांपासून लांब. एक किल्ली दादाकडे, एक बाळकडे, आणि नियम असा की दोघांनी तीन म्हटल्यावर एकदम फिरवायच्या. मधली मूठ खिट्टीनं धरायची. वर्षातून दोनदा बाळ तिकडून यायचा, तिजोरी उघडायची, आणि मग सगळे खाली जाऊन जेवायचे. अकरा वर्षांपूर्वी मात्र ती उघडली नाही. खिट्टी पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती, म्हणून मूठ दादानंच दुसऱ्या हातानं धरली. तीन म्हटलं, किल्ल्या फिरल्या, दार जागचं हललं नाही. आठ वेळा केलं. बाळ मुद्दाम उशिरा फिरवतो आहे हे दादाला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. तो तसं म्हणाला. त्यावर बाळ जे म्हणाला ते दादा अजून विसरला नव्हता.

बाळही विसरला नव्हता. तो म्हणाला होता, "तुला माझ्याबरोबर काहीच करायचं नसतं, तीनपर्यंत मोजायचंसुद्धा नाही." आणि बॅग उचलून निघून गेला होता. विमानात बसल्यावर त्याला रडू आलं होतं, पण हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. दादाच उशिरा फिरवत होता. आठही वेळा.

"तिजोरी उघडायला आमची हरकत नाही," जावई उभा राहून म्हणाला. "समोरच्या पक्षानं किल्ली आधी लावली तर."

"आमचीही नाही," लेक म्हणाली. "समोरच्या पक्षानं आधी लावली तर."

"सौजन्य!" आत्यानं कपाळावर हात मारला. मग ती उठली, पदर खोचला आणि दोन्ही पडद्यांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, बाई, मी मधे बोलते त्याची माफी असावी. वीस मिनिटं द्या. मी यांच्याकडून तिजोरी उघडून घेते."

"आपण कोण?" इकडच्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"मी यांची बहीण."

"कोणत्या पक्षाची?"

"दोघांची," आत्या म्हणाली. कोर्टाला याची नोंद कुठे करावी ते कळलं नाही.

मग ती भावांकडे वळली. तिथं मात्र तिनं सौजन्य बाजूला ठेवलं. "दादा, ऊठ. बाळ, ऊठ. किल्ल्या काढा."

"खिट्टी, हुकूम आहे, प्रत्यक्ष किंवा—"

"तुझा हुकूम घाल चुलीत! बाहेर एकेचाळीस माणसं चहाचे रिकामे कप हातात धरून उभी आहेत. तुम्हाला पुढची दहा वर्षं भांडायला दुसरं काहीही सापडेल, मी शोधून देईन. ऊठ म्हणते ना!"

दादानं कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. बाळनं चष्म्याच्या डबीतून काढली. दोघांच्याही किल्ल्या घासून लखलखीत केलेल्या होत्या. अकरा वर्षं न लागणारी किल्ली दोघंही घासत होते, हे वहिनींच्या लक्षात आलं आणि त्यांनी डोळे टिपले.

आत्यानं मधली मूठ धरली. "आबांचा नियम. तीनला. एक... दोन... बाळ, माझ्याकडे बघू नकोस, किल्लीकडे बघ... तीन!"

दोन किल्ल्या फिरल्या आणि दार उघडलं.

फोरमनच्या तोंडून शिट्टी निघाली. दादानं नकळत बाळकडे बघितलं. बाळनं त्याच क्षणी दुसरीकडे बघितलं, पण अर्धा क्षण उशीर झालाच.

आत फळ्यांवर चारशे बारा नमुने ओळीनं मांडलेले होते. पितळेचे, तेल लावलेले, प्रत्येकाला आत्याच्या हातची चिठ्ठी. आणि खालच्या फळीवर एक चष्मा, एक लोकरीची शाल आणि बिस्किटांचा अर्धा पुडा.

"कॅमेरा जरा पुढे घेता का?" तिकडच्या बाई म्हणाल्या. त्यांची झोप पुरी झाली नसली तरी नजर चांगली होती. "ही तिजोरी शेवटची कधी उघडली होती?"

"अकरा वर्षांपूर्वी, महोदया," जावई म्हणाला.

"पुड्यावर गेल्या महिन्याची तारीख दिसते."

जावईबापू खाली बसले. दादा आत्याकडे बघू लागला. बाळही आत्याकडेच. इतक्या वर्षांनी दोघंही एकाच दिशेला बघत होते.

"माझा चष्मा!" आत्या आनंदानं म्हणाली. "तीन आठवडे शोधतेय."

"बाई," इकडचे न्यायमूर्ती पुढे झुकले, "ही तिजोरी उघडू नये असा दोन्ही न्यायालयांचा स्पष्ट हुकूम होता. हे आपल्याला माहीत आहे?"

लेकीनं आत्याचा हात धरायला हात पुढे केला, पण आत्यानं तो हलकेच बाजूला सारला.

"माहीत आहे, साहेब. मी दोन्ही हुकूम वाचलेत. पहिल्या पानापासून. दादानं, त्याच्या नोकरांनी, वकिलांनी, प्रतिनिधींनी उघडू नये असं आहे. दुसऱ्यात बाळबद्दल तेच आहे. मी त्यांची नोकर नाही, पगारपत्रकात माझं नाव कधीच नव्हतं. मी वकील नाही. आणि प्रतिनिधी तर मी या दोघांची मुळीच नाही." मग आवाज जरा खाली आला. "मला कोणी पक्षकारच केलं नाही, साहेब. दोन कोर्टं, सतराशे पानं, त्यात ही तिजोरी आहे, हे टेबल आहे, अंगणातला हातगाडासुद्धा आहे. मी कुठेच नाही. आत जे आहे ते सगळं मी केलंय. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. म्हटलं, ठीक आहे, मग मला मनाईसुद्धा नाही."

दादानं खाली बघितलं. त्यानंच यादी करून दिली होती, हातगाड्यासकट.

"पण तू उघडत कशी होतीस?" बाळच्या तोंडून निघालं. "दोन्ही किल्ल्या आमच्याकडे."

"कारखान्यात काम चालतं ते नमुन्यांच्या नकलांवर. नक्कल झिजली की मी मूळ नमुना काढून नवी करून देते. अकरा वर्षं देतेय. मी ती कशावरून करते, हे तुम्हा दोघांपैकी एकानं तरी विचारलं?"

"कशानं उघडता?" इकडच्या न्यायमूर्तींनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात कोर्ट कमी आणि कुतूहल जास्त होतं.

"हातानं, साहेब. दुसरं काय आहे माझ्याकडे?" आत्या म्हणाली. "आबांनी ही तिजोरी माझ्याकडूनच करून घेतली. मी एकोणीस वर्षांची होते. आबा म्हणाले, हे दोघं पुढे एका खोलीत उभे राहणार नाहीत, त्यांना राहायला लागेल असं काहीतरी कर. म्हणून दाराला किल्लीची दोन तोंडं केली. एक तोंड खोटं आहे. त्याच्यामागे लिव्हर नाही, खटका नाही, काही नाही. किल्ली नुसती फिरते."

दादा आणि बाळ दोघांनीही आपापल्या किल्लीकडे बघितलं.

"कोणाचं?" दादा म्हणाला.

"कोणाचं?" बाळ म्हणाला. दोघं एकदम.

"ते मी आबांना शब्द दिलाय, सांगणार नाही."

उजव्या पडद्यावर बाईंनी मफलर तोंडाशी धरला होता. त्या हसत होत्या. मग त्यांनी स्वतःला सावरलं. "माननीय सहकारी, मला वाटतं आपल्या दोन हुकमांचंही असंच काहीसं झालं आहे. एक बहुधा नुसताच फिरतो आहे."

"माझाच असेल," इकडचे न्यायमूर्ती तत्परतेनं म्हणाले.

"छे छे, माझा."

"अहो, नाही, मी आदरपूर्वक—"

"अकरा पन्नास!" फोरमन ओरडला. कोर्टात ओरडू नये हे त्याला ठाऊक होतं, पण आता त्याला राहवेना.

"तीनला!" आत्या म्हणाली. "आधी-नंतर नको. दोघांनी तीनला सह्या करा. मी मोजते."

इकडच्या न्यायमूर्तींनी एक पेन्सिल उचलली, ठेवली, आणि पेन घेतलं. "कायद्यात याला आडकाठी दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "मात्र दोन्ही पक्षांची संमती लागेल. आहे?"

"आहे," दादा म्हणाला. "आहे," बाळ म्हणाला. कोण आधी बोललं हे नोंदवहीत लिहिता आलं नाही, कारण खरोखरच कोणी आधी बोललं नव्हतं.

"एक," आत्या म्हणाली. फोरमननं डोळे मिटले होते. "दोन." जावयानं आणि लेकीनं नकळत एकमेकांचे हात धरले होते. "तीन."

दोन पेनं एकदम खाली आली. भिंतीवर अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

लेकीनं कागद बँकेकडे पाठवले, पोच यायला चार मिनिटं लागली. मग फोरमन अंगणात पळाला आणि बाहेर एकच गलका उठला. कोणीतरी मोठं प्रेस सुरू केलं. आत्या त्या आवाजानं मटकन खुर्चीत बसली आणि रडली, अगदी तोंड उघडं टाकून. वहिनींनी तिला शाल दिली, तिजोरीतलीच.

पडदे विझायच्या आधी इकडचे न्यायमूर्ती म्हणाले, "एक गोष्ट. दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत असं मी सकाळपासून पाहतोय. हुकमात तसं काही नव्हतं."

दादानं जावयाकडे बघितलं. जावई छताकडे बघत होता.

पाऊण वाजता नमुनाघरात फक्त आत्या आणि लेक उरल्या. खालच्या खोलीतून आवाज येत होते.

"माझीच खरी! आबांनी थोरल्याला खोटी किल्ली दिली असती का?"

"आबांचा विश्वास कोणावर होता, दादा? आठव जरा. परीक्षेचा निकाल कोणाकडे द्यायचे ठेवायला?"

"तुझा निकाल ठेवण्यासारखा नव्हता म्हणून तुझ्याकडेच ठेवायचे!"

लेक तिजोरीचं दार लावत होती. लावलं, मूठ ओढून पाहिली, घट्ट होतं. मग तिनं वाकून डाव्या तोंडात बघितलं. फोनचा दिवा लावून उजव्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि सावकाश मागे वळली.

"आत्या."

"काय गं?"

"दोन्हीकडे काहीच नाहीये."

आत्या चष्मा पुसत होती. नव्यानं सापडलेला चष्मा, त्यामुळे पुसायला बराच होता.

"आत्या, तू दोन कोर्टांसमोर खोटं बोललीस!"

"कुठे? एक तोंड खोटं आहे म्हटलं मी. दुसरं खरं आहे असं म्हटलं कधी?" ती उठून तिजोरीशी आली. "मूठ जराशी वर उचलायची आणि मग ओढायची. एवढंच. आबांनी मला सांगितलं होतं, तू मूठ धर, त्यांना किल्ल्या फिरवू दे."

लेकीच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे अकरा वर्षांपूर्वी... तू दवाखान्यात होतीस."

"हो."

"आणि दादाकाकांनी मूठ नुसती ओढली. म्हणून उघडलं नाही. ते भांडण, हे सगळं..."

"माझ्या पित्ताशयामुळे," आत्या म्हणाली. या वेळी तिनं गंमत केली नाही. "घरी आले तेव्हा बाळ निघून गेला होता. मला सांगता आलं असतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. सांगितलं असतं तर दोघं मिळून आबांवर चिडले असते, आबा तर नव्हते राहिले. म्हटलं, भाऊ आहेत, आठवड्यात विसरतील. चुकलंच माझं. अकरा वर्षं मी हे पोटात ठेवलंय, पोरी. रात्री झोप लागत नसे."

खाली काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ वहिनींचा, "भावजी, कप खाली ठेवा आधी!"

"जाऊन सांगू या?" लेकीनं विचारलं. "आत्ता? दोघांनाही?"

आत्यानं कान देऊन ऐकलं. दादा म्हणत होता की बाळला लहानपणापासून सरळ मोजता येत नाही. बाळ म्हणत होता की संध्याकाळच्या विमानाचं तिकीट रद्द करीन, पण आज याचा निकाल लावूनच जाईन. मधे कोणी सांगणारं नव्हतं, छत नव्हतं, भिंत नव्हती. दोघं एकमेकांशी बोलत होते.

"भांडतायत," लेक म्हणाली.

"हो ना," आत्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "किती दिवसांनी. जेवून घेऊ देत आधी. मग बघू."

तिनं मूठ जराशी वर उचलली, दार उघडलं आणि बिस्किटांचा पुडा बाहेर काढला. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.